घरी नेलेलं लेकरू

“आता घरी घेऊन जा. आमच्याकडून होण्यासारखं काही उरलं नाही.”

मोठ्या शहरातल्या ओपीडीच्या गर्दीत, बहुतेक वेळा उभ्या उभ्या सांगितलेलं हे वाक्य ऐकून जालना जिल्ह्यातले आईबाप परतीच्या एसटीत बसतात. घरी आल्यावर पहिल्याच रात्री त्यांच्या लक्षात येतं की करण्यासारखं पुष्कळ उरलेलं आहे, फक्त ते सगळं आता त्यांनाच करायचं आहे. लेकराला गिळता येत नसेल तर तासभर मांडीवर घेऊन भरवायचं. झटका आला तर कुशीवर वळवायचं. दुखायला लागलं तर कोणती गोळी द्यायची आणि किती, हे ठरवायचं. श्वास घरघरू लागला तर दवाखाना गाठायचा की जवळ बसून राहायचं, हेही रात्री दोन वाजता त्यांनीच ठरवायचं. यातलं काहीही त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. हातात जाडजूड फाईल असते आणि त्या फाईलवर पुढची तारीख नसते.

हा लेख त्या फाईलनंतरच्या दिवसांबद्दल आहे. पुढे येणारं घर कुणा एकाचं नाही. या आजारांमध्ये घरोघरी जे ठरल्यासारखं घडतं, ते इथे एकत्र मांडलं आहे.

आजार दुर्मीळ, रस्ता लांब

काही आजारांतून मूल बरं होत नाही आणि बहुतेक वेळा त्याचं आयुष्य लहानपणी किंवा ऐन तारुण्यात संपतं. स्नायू झिजवत नेणारी ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी, चयापचयाचे जनुकीय विकार, हृदयाचे काही जन्मजात दोष, अतितीव्र सेरेब्रल पाल्सी, उपचारांना दाद न देणारा कॅन्सर ही त्यांतली काही नावं. यातला प्रत्येक आजार वेगळा, पण घरातलं काम बरंचसं सारखं. एका अभ्यासाच्या अंदाजानुसार जगात सुमारे २ कोटी १० लाख मुलांना वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेची गरज आहे. या सेवेला पॅलिएटिव्ह केअर किंवा उपशामक सेवा म्हणतात. गरज असलेली बहुतेक मुलं गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत आहेत आणि सेवा बहुतांशी श्रीमंत देशांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने लहानथोर सगळे मिळून दरवर्षी ५ कोटी ६८ लाख लोकांना ही सेवा लागते. मिळते ती जेमतेम १४ टक्के लोकांना.

आता जालन्याकडे पाहू. १ मे १९८१ रोजी मुख्यतः औरंगाबादमधून वेगळा झालेला हा जिल्हा. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा असे आठ तालुके. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या १९ लाख ५९ हजार, त्यातले पाचातले चार खेड्यांत राहणारे. बियाण्याच्या कंपन्या, लोखंडी सळयांचे कारखाने आणि मोसंबीच्या बागा यांमुळे जिल्ह्याचं नाव देशभर आहे. शहरात जिल्हा रुग्णालय आहे, स्त्री रुग्णालय आहे आणि ऑक्टोबर २०२४मध्ये उद्घाटन झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. त्यापुढचं काही लागलं तर साठेक किलोमीटरवरचं छत्रपती संभाजीनगर: तिथलं घाटी रुग्णालय आणि २०१२ साली सुरू झालेलं शासकीय कर्करोग रुग्णालय. त्याहीपुढे चारशे किलोमीटरच्या आसपास मुंबई. लेकराचा आजार जितका दुर्मीळ, तितकं आईबापांना गावापासून लांब जावं लागतं. आणि उपाय संपले की ते सगळे किलोमीटर उलटे मोजत पुन्हा गावातच यायचं असतं, जिथे त्या आजाराचं नाव कुणी ऐकलेलं नसतं.

पोटऱ्या भरलेला मुलगा

ड्यूशेनचं उदाहरण घेऊ, कारण या आजारात आईबापांची सेवा पंधरा-वीस वर्षं चालते. दर साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला हा आजार होतो. मुलगा उशिरा चालायला लागतो, सारखा पडतो, जिना चढताना अडतो. जमिनीवरून उठताना स्वतःच्याच गुडघ्यांवर, मांड्यांवर हात टेकत वर येतो. त्याच्या पोटऱ्या मात्र चांगल्या भरलेल्या दिसतात, त्यामुळे घरची म्हणतात, पोरगं धडधाकट आहे, जरा आळशी आहे. शाळेत तो मागे पडतो, पळण्याच्या शर्यतीत हसं होतं. मग कुणी कॅल्शियमची बाटली लिहून देतं, कुणी मालिश सांगतं. कुणी म्हणतं, बाहेरचं काही असेल, बघून घ्या. राजूरच्या गणपतीला नवस होतो, सैलानीची वारी होते. या फेऱ्यांची चेष्टा करायचा अधिकार आपल्याला नाही. तालुक्याच्या गावात आजाराचं नाव सांगणारा कुणी नसेल, तर माणूस जिथे दार उघडं दिसतं तिथे जातो.

खरं तर पहिली शंका रक्ताच्या एका साध्या चाचणीनं येते. सीपीके नावाचं विकर अशा मुलांच्या रक्तात कित्येक पटींनी वाढलेलं असतं. पुढे जनुकीय तपासणीत निदान पक्कं होतं. डिस्ट्रॉफिन हे प्रथिन शरीरात तयार होत नाही म्हणून स्नायू झिजतात, हे १९८७ साली कळलं. आजार पूर्ण बरा करणारं औषध अजूनही नाही. मात्र वेळेवर सुरू केलेली स्टेरॉइड औषधं मुलाला आणखी काही वर्षं पायांवर ठेवतात. हृदयाची नियमित तपासणी, सांधे आखडू नयेत म्हणून रोजचा व्यायाम आणि पुढे रात्रीच्या श्वासासाठी यंत्र, एवढं मिळालं तर ही मुलं विशी-तिशीपर्यंत जगतात. न मिळालेली त्याआधीच जातात. त्यामुळे बऱ्या न होणाऱ्या आजारातही निदान कधी झालं, याला किंमत आहे.

निदानाबरोबर घरात आणखी एक गोष्ट शिरते. दोष आईकडून येतो, हे अर्धवट वाक्य सासरी पोचतं आणि तिथून गावभर होतं. दोषी जनुक आईकडच्या एक्स गुणसूत्रावरून येतं, हे शास्त्र आहे. पण साधारण तीनातल्या एका मुलात हा बदल नव्यानेच झालेला असतो, आईत तो नसतोच. आणि जिच्यात असतो, तिलाही तो तिच्या जन्माबरोबर मिळालेला. तिनं काही केलेलं नसतं, काही खाल्लेलं नसतं, कुठलं ग्रहण पाहिलेलं नसतं. हे तिच्या सासू-सासऱ्यांसमोर बसून, शांतपणे, डॉक्टरांनी सांगायला हवं. ते पाच मिनिटांचं बोलणं झालं नाही म्हणून बायका माहेरी पाठवल्या जातात, दुसरी लग्नं होतात. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल असलेल्या आपल्या भागात दुसऱ्या काही जनुकीय आजारांचा धोका वाढतो, तेही याच बैठकीत सांगता येतं. बहिणींची तपासणी, पुढच्या गरोदरपणातली तपासणी हे सगळं त्यानंतरचं.

रात्र

दहा-बारा वर्षांच्या सुमारास मुलाचं चालणं थांबतं. तिथून पुढे त्याचं वजन वाढत जातं आणि आईची ताकद कमी होत जाते. पत्र्याच्या दोन खोल्या, उंबरा, बाहेर सिमेंटचा गट्टू नसलेली गल्ली आणि परसात बसायचं शौचालय. सरकारी शिबिरात मिळालेली व्हीलचेअर बऱ्याचदा दारातच उभी राहते, कारण तिला फिरायला रस्ता नाही. मग आई त्याला पाठीवर घेते, बाप काखेत हात घालून उचलतो. शी-शू, अंघोळ, कपडे, जेवण, वर्गात नेऊन बसवणं, परत आणणं. वयात आलेल्या मुलाला आईनं अंघोळ घालायची, याचा संकोच त्यालाही असतो आणि तिलाही, पण त्यावर बोलायला दोघांकडे कुणी नसतं.

रात्रीचं काम बाहेरच्यांना दिसत नाही. या मुलाला स्वतःच्या अंगानं कूस बदलता येत नाही. एका कुशीवर दुखायला लागलं की तो हाक मारतो, आई उठते, त्याला वळवते, पायाखाली उशी सरकवते. रात्रीतून हे अनेकदा घडतं, आणि वर्षानुवर्षं घडतं. आपण झोपेतून एकदा उठलो तर दुसऱ्या दिवशी तक्रार करतो. या बायका सकाळी पाच वाजता चूल पेटवून कापूस वेचायला जातात. त्यांची कंबर गेलेली असते, डोकं दुखत असतं, पण दवाखान्यात केसपेपर फक्त लेकराच्या नावाचा निघतो. सेवा करणाऱ्या माणसाची तब्येत तपासणं हा उपशामक सेवेचाच भाग मानला जातो. आपल्याकडे आईला “तुम्ही कशा आहात?” असं विचारण्याची जागाच कुठल्या नमुन्यात नाही.

सेरेब्रल पाल्सीच्या घरात रात्रीऐवजी जेवणाची वेळ अशी अवघड असते. जीभ आणि घसा ताब्यात नसतो, घास बाहेर येतो किंवा श्वासनलिकेत जातो. घाईनं भरवलं तर छातीत कफ होतो, न्यूमोनिया होतो, आणि अशा मुलांच्या मृत्यूचं ते एक मोठं कारण आहे. डोकं किती सरळ धरायचं, वरण किती दाट ठेवायचं, चमचा कुठून घालायचा हे शिकवणं एका प्रशिक्षित परिचारिकेचं अर्ध्या तासाचं काम आहे. त्या अर्ध्या तासावर त्या लेकराची काही वर्षं अवलंबून असतात.

अर्धा कोयता

दिवाळी सरली की अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. तेव्हा मुकादमाचे ट्रॅक्टर गावोगावी लागलेले असतात. या धंद्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि त्या जोडीवर उचल मिळते. घरात असं लेकरू असेल तर तीन वाटा राहतात. आईनं मागे राहायचं, मग बाप अर्धा कोयता ठरतो आणि उचल घटते. आजी-आजोबांवर सोडून दोघांनी जायचं. किंवा लेकराला सोबत घेऊन फडावर, पाचटाच्या कोपीत न्यायचं, जिथे औषधाची बाटली ठेवायला थंड जागा नाही आणि जवळचा दवाखाना कुठे आहे ते माहीत नाही. तिन्ही वाटांवर लेकराचंच नुकसान आहे. जिरायती शेती असलेल्या, मोंढ्यात हमाली करणाऱ्या किंवा एमआयडीसीत कंत्राटावर राबणाऱ्या घरांचा हिशेबही फार वेगळा नसतो. एका माणसाची मजुरी जाते आणि खर्च वाढतो.

सरकारी योजना नाहीत, असं नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६नं २१ प्रकारांचं दिव्यांगत्व मान्य केलं, त्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफी आणि थॅलेसेमियाही आहेत. जिल्हा रुग्णालयातून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर यूडीआयडी कार्ड निघतं, त्यावर एसटीच्या प्रवासात सवलत मिळते. संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला अनुदान मिळतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये आहे. थॅलेसेमियाच्या मुलांना रक्त मोफत देण्याचा नियम आहे. राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा देते, त्यात ओपीडी आणि थेरपीही बसते.

पण प्रत्येक योजनेला एक भिंत आहे. फुले योजना दवाखान्यात दाखल झालेल्याच्या उपचारांचा खर्च देते. घरी पडून असलेल्या लेकराच्या डायपरला, पातळ आहाराला, श्वासाच्या यंत्राला आणि कफ ओढणाऱ्या सक्शन मशीनला ती उपयोगी नाही. निरामय योजना १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातल्या आजारांसाठी आहे: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व, बहुदिव्यांगत्व. मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव त्यात नाही. दुर्मीळ आजारांच्या २०२१च्या राष्ट्रीय धोरणात आता ५० लाखांपर्यंत मदतीची सोय आहे, पण त्यासाठी ठरलेलं केंद्र गाठावं लागतं. मुंबईचं केईएम रुग्णालय हे त्यांपैकी एक. त्याच २०२१ साली मुंबईतल्या एका बाळासाठी सोळा कोटींचं इंजेक्शन लोकवर्गणीतून आलं, केंद्रानं त्यावरचे कर माफ केले आणि देशभर स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफीचं नाव झालं. त्या आईबापांनी जे केलं ते कौतुकाचंच आहे. पण मोबाइलवर लाखो लोकांपर्यंत पोचण्याची ताकद ज्याच्याकडे नाही, त्या जाफराबादच्या शेतमजुराच्या बाळाचा हक्क त्यामुळे कमी होत नाही.

परळ, आणि परळहून परत

कॅन्सरबद्दल आधी एक गोष्ट ठासून सांगायला हवी. मुलांचे बरेच कॅन्सर बरे होतात. रक्ताच्या कॅन्सरचा मुलांत सर्वाधिक आढळणारा प्रकार वेळेत आणि पूर्ण उपचार मिळाल्यास बहुतांश मुलांमध्ये आटोक्यात येतो. त्यामुळे “कॅन्सर म्हणजे संपलं” म्हणून गावाकडे परतणं ही सगळ्यांत मोठी हानी. उपचार अर्धवट सुटू नयेत म्हणून मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या बालकर्करोग विभागाभोवती राहण्याची, जेवणाची, पैशांची मदत उभी राहिली आहे. परळची नाना पालकर स्मृती समिती, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, २००६ साली सुरू झालेली सेंट ज्यूड इंडियाची निवासकेंद्रं यांनी मराठवाड्यातल्या अनेक घरांना मुंबईत छप्पर दिलं. कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबत्याला रेल्वेत सवलत आहे. जालन्याहून रात्रीची गाडी धरून सकाळी मुंबईत उतरलेले, पाठीवर पिशवी आणि कडेवर तोंडाला मास्क लावलेलं लेकरू घेतलेले आईबाप परळच्या रस्त्यावर दिसत नाहीत, असा दिवस नसेल.

तरीही काही मुलांमध्ये आजार उलटतो. उलटलेल्या कॅन्सरचं दुखणं हाडांत शिरतं, आणि इथे एका औषधाचं नाव घ्यावं लागतं: मॉर्फिन. तीव्र वेदनेसाठी मुलांनाही मॉर्फिन द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. योग्य मात्रेत, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली दिलेली तोंडावाटेची मॉर्फिन मुलाला झोप देते, खेळू देते, आईशी बोलू देते. त्यानं मरण लवकर येत नाही आणि दुखण्यासाठी घेणारं मूल व्यसनी होत नाही. गोळी महागही नाही. ज्या अफूपासून ती बनते, तिची परवानाधारक शेती आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात होते आणि नीमचला सरकारी कारखाना आहे. जगाला औषधी अफू पुरवणाऱ्या या देशात १९८५चा अमली पदार्थविरोधी कायदा आला, परवान्यांची रांग लागली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९० टक्क्यांहून जास्त घसरला. उपशामक सेवेत काम करणारे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं केलेल्या पाठपुराव्यानंतर संसदेनं २०१४ साली कायदा सुधारला, अनेक परवान्यांऐवजी एकच मान्यता पुरेशी केली. कायदा सुटसुटीत होऊन दहा वर्षं उलटली, तरी खेड्यातल्या लेकरापर्यंत ती गोळी पोचवायची तर प्रशिक्षित डॉक्टर आणि साठा ठेवणारी मान्यताप्राप्त संस्था जवळ हवी. तालुक्याच्या गावात ती नसेल तर आईबाप मेडिकलवरून साधी वेदनाशामक गोळी आणतात आणि लेकरू रात्रभर विव्हळतं. टाळता येण्यासारखं हे दुःख आहे, म्हणून त्याला दैव म्हणणं मला मान्य नाही.

महाराष्ट्रानं एकदा वाट दाखवली होती

हे सगळं आपल्या राज्यात होऊच शकत नाही, असं कुणी म्हणेल तर त्यानं जव्हारकडे पाहावं. २०१० साली टाटा मेमोरियलच्या डॉ. मेरी ॲन मुकादन यांच्या पुढाकारानं, भारतीय उपशामक सेवा संघटना आणि मुलांच्या उपशामक सेवेसाठी काम करणारं आंतरराष्ट्रीय जाळं यांना सोबत घेऊन आणि ब्रिटिश सरकारच्या निधीवर, मुलांसाठीच्या उपशामक सेवेचा एक प्रकल्प महाराष्ट्रात सुरू झाला. त्याची केंद्रं मुंबईच्या शीव रुग्णालयासारख्या गजबजलेल्या ठिकाणी होती, तशीच जव्हारसारख्या आदिवासी, डोंगराळ तालुक्यातही होती. सरकारी दवाखान्याला जोडून, आहे त्या माणसांना शिकवून मुलांच्या घरापर्यंत जाता येतं, हा त्यामागचा विचार. जव्हारला जे सुचलं, ते समृद्धी महामार्ग, ब्रॉडगेज रेल्वे आणि वैद्यकीय महाविद्यालय असलेल्या जालन्याला अवघड का वाटावं?

फेब्रुवारी २०१४मध्ये या क्षेत्रातल्या जगभरच्या लोकांची परिषद मुंबईत भरली. त्याच आठवड्यात बेल्जियमची संसद मुलांच्या इच्छामरणाचा कायदा संमत करत होती. मुंबईतल्या जाहीरनाम्यानं त्याला उत्तर दिलं: मुलाला मरण देण्याचा मार्ग शोधण्याआधी त्याची वेदना थांबवा, त्याला आणि त्याच्या आईबापांना आधार द्या, आणि तो प्रत्येक मुलाचा हक्क माना. आपल्याकडेही मुलाचे हाल पाहून खचलेले आईबाप मधूनमधून दयामरणाची मागणी करतात. त्या मागणीच्या मुळाशी बहुतेक वेळा थकवा, कर्ज आणि न थांबणारी वेदना असते. या तीनही गोष्टींवर उपाय आहेत.

केरळनं ते करून दाखवलं. १९९३ साली कोळिकोडला एका छोट्या क्लिनिकपासून सुरुवात झाली, गावोगावचे स्वयंसेवक उभे राहिले, २००८ साली राज्यानं स्वतंत्र धोरण केलं आणि पंचायतींनी घरी जाणाऱ्या परिचारिकांचा खर्च उचलायला सुरुवात केली. तिथे अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी नर्स येणं ही पंचायतीची नेहमीची सेवा आहे.

ज्यावर घरात बोलत नाहीत

लेकराला सगळं कळत असतं. आईबाप दाराआड बोलतात, मामा आल्यावर रडतात, फोन लपवतात. मूल त्यावरून अंदाज बांधतं आणि आईला त्रास नको म्हणून विचारणं बंद करतं. दोन्हीकडून गप्प राहिलेल्या अशा घरात ते एकटं पडतं. या मुलांबरोबर काम करणारे सांगतात की मुलानं विचारलं तर त्याच्या वयाला झेपेल तेवढं खरं सांगावं. न विचारलेलं लादू नये आणि विचारलेलं उडवून लावू नये. त्याला शाळा हवी असते. शिक्षण विभागाच्या योजनेत तीव्र दिव्यांग मुलाला घरी येऊन शिकवण्याची तरतूद आहे. ती मागून घ्यावी, कारण आठवड्यातून एकदा आलेले गुरुजी म्हणजे त्या मुलासाठी बाहेरचं जग असतं. मोठं होऊन तो काय होणार, हा प्रश्न बाजूला ठेवून त्याला आजचं गणित शिकवावं.

धाकट्या भावंडाचंही तसंच. त्याच्या वाट्याला आईचा उरलेला वेळ येतो. त्याच्या मनात येणारी भीती, हेवा, अपराधी भावना यांवर कुणीतरी, शेजारची काकू असो की वर्गशिक्षक, त्याच्याशी बोलायला हवं.

आणि शेवटचे दिवस. घरीच राहायचं की दवाखान्यात जायचं, हा निर्णय आधी झालेला नसेल तर घाबरलेले आईबाप १०८ला फोन करतात आणि लेकराचे शेवटचे तास रुग्णवाहिकेत, अनोळखी खाटेवर जातात. आधी कुणी नीट सांगितलं असतं, की श्वास असा होईल, हातपाय गार पडतील, तोंड ओल्या कापसानं पुसत राहा, मांडीवर घेतलं तर चालतं, तर ते लेकरू आईच्या मांडीवर गेलं असतं. त्यानंतरचा शोकही आपण आईबापांना नीट करू देत नाही. लहान मुलाला पुरायला आईनं येऊ नये, रडून त्याला अडवू नये, दुसरं होईल, असं तिला सांगितलं जातं. पंधरा वर्षं रात्रंदिवस एका जिवासाठी जागलेल्या बाईचे दिवस एकदम रिकामे होतात. तिच्याकडे महिन्याभरानं, सहा महिन्यांनी पुन्हा जाणं हेही उपशामक सेवेचं काम आहे.

जालन्यात उद्यापासून काय करता येईल

यासाठी नवी इमारत बांधायला नको. आयुष्मान आरोग्य मंदिरांमधून द्यायच्या बारा सेवांच्या यादीत उपशामक सेवा आहेच. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतो. आशाताई नवजात बाळाच्या घरी पहिल्या ४२ दिवसांत सहा-सात वेळा जाते, याद्या ठेवते, वजन घेते. म्हणजे घरी जाऊन लेकराची काळजी घेण्याची पद्धत आपल्याकडे आहे, तिला फक्त ४२ दिवसांच्या पलीकडे न्यायचं आहे, आणि त्या वाढीव कामाचा मोबदला आशाताईला द्यायचा आहे. ६ फेब्रुवारी २०१३ला पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या आणि शाळा तपासतात. वारंवार पडणाऱ्या मुलग्याची सीपीके चाचणी त्यांनी त्याच महिन्यात करवून घेतली तर निदानाची कित्येक वर्षं वाचतील.

जिल्हा परिषदेनं आठही तालुक्यांतल्या अशा मुलांची यादी करावी, शाळाबाह्य आणि अंथरुणावरची मुलं धरून. प्रत्येक तालुक्याला प्रशिक्षित परिचारिका आणि घरभेटीसाठी गाडी द्यावी. सक्शन मशीन, हवेची गादी, व्हीलचेअर, श्वासाचं यंत्र यांची उसनवार पेढी तालुका रुग्णालयात ठेवावी. जिल्हा रुग्णालयानं मॉर्फिन साठवण्याची मान्यता घेऊन ती वापरात ठेवावी. आणि जालन्याच्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयानं बालरोग विभागात उपशामक सेवेची ओपीडी सुरू करून आपल्या पहिल्या विद्यार्थ्यांना अशा घरांत पाठवावं. डॉक्टर होण्याआधी त्यांनी एक रात्र त्या आईचं काम पाहिलं, तर “घरी घेऊन जा” म्हणताना ते तिच्या हातात फोन नंबर आणि पुढची तारीखही देतील.

वाचकांनीही एक करावं. तुमच्या गल्लीत, वाडीवर असं एखादं घर असेलच. तिथे सल्ला, नवस किंवा कुणा वैद्याचा पत्ता घेऊन जाऊ नका. दोन तास लेकराजवळ बसा आणि आईला झोपू द्या. बापाला यूडीआयडी कार्डासाठी, निराधारच्या अर्जासाठी तहसीलला सोबत करा. पुढच्या ग्रामसभेत त्या लेकराचं नाव घेऊन विचारा, की आपल्या आरोग्य मंदिरातून याच्या घरी कोण जातं. उत्तर मिळेपर्यंत प्रत्येक ग्रामसभेत विचारत राहा.